मढौऱ्यापासून मखान्यापर्यंत: बिहारची सत्तर वर्षं

बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या मढौऱ्यात एकेकाळी साखर कारखाना होता, डिस्टिलरी होती, यंत्रं बनवणारी सारण इंजिनीअरिंग होती आणि मॉर्टनच्या गोळ्या-चॉकलेटांचा कारखानाही होता. विसावं शतक सरेपर्यंत हे सगळं थंडावलं. सोन नदीकाठच्या डालमियानगरात साखर, सिमेंट, कागद एकाच आवारात तयार होत असे. 1984 मध्ये त्याला टाळं लागलं. बिहारला उद्योग ठाऊकच नव्हता, हा आपल्याकडचा समज या दोन गावांकडे पाहिलं की टिकत नाही.

मग हे उद्योग गेले कसे? सगळा दोष बिहारी पुढाऱ्यांवर टाकणं अन्यायाचं होईल. 1952 च्या सुमारास केंद्राने मालभाडे समानीकरणाचं धोरण आणलं. जमशेदपूरचं पोलाद देशभर जवळपास एकाच भावात मिळू लागलं. खाणीजवळ कारखाना काढण्याचा फायदाच त्यामुळे उरला नाही, आणि उद्योजक बंदराजवळ, बाजारपेठेजवळ गेले. मुंबई-पुण्याच्या इंजिनीअरिंग उद्योगाला या स्वस्त पोलादाचा आधार मिळाला, हे आपण मराठी माणसांनी मोकळेपणाने कबूल करायला हवं. हे धोरण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मागे घेतलं गेलं. 2000 मध्ये झारखंड वेगळं झालं आणि खाणी, जमशेदपूर, बोकारो सगळंच तिकडे गेलं.

तरी नेतृत्वाचा प्रश्न उरतोच. पहिले मुख्यमंत्री श्रीकृष्ण सिंह यांच्या काळात मोकाम्याजवळ गंगेवर पूल झाला, बरौनीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा पाया घातला गेला. मुंबईत कामगार नेते म्हणून घडलेले जॉर्ज फर्नांडिस 1977 मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरहून निवडून आले, केंद्रात उद्योगमंत्री झाले आणि कांटीच्या औष्णिक वीज केंद्रासाठी त्यांनी जोर लावला. ही कामं मोठीच होती. पण ती वरून आलेली होती. गावातल्या शेतकऱ्याचा त्यात मालक म्हणून हात नव्हता.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. 1950 मध्ये आपल्याकडे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ऊस पिकवणाऱ्यालाच कारखान्याचा भागधारक केलं. आपल्या सहकारात पुढे किती घाण शिरली ते आपण जाणतोच, पण चेअरमनला निदान तालुक्यातल्या सभासदांसमोर उभं राहावं लागे. बिहारची साखर खाजगी कंपन्यांच्या हाती होती. 1793 पासूनची जमीनदारी कायद्याने गेली, तरी बटाईने कसणाऱ्याच्या नावावर जमीन आली नाही. नावावर जमीन नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर शेअर कुठून घेणार? सत्तरच्या दशकात सरकारी महामंडळाने आजारी कारखाने ताब्यात घेतले, तेही एकेक करून बंद पडले.

कर्पूरी ठाकूर आणि नंतर लालूप्रसाद यांच्या राजकारणाने दबलेल्या माणसाला ताठ मानेने उभं केलं. ते मोल मी कमी लेखत नाही. 2005 नंतर नीतीशकुमारांनी रस्ते केले, वीज नेली, शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली दिल्या. पण शिकलेल्या मुलांपुढे रस्ता एकच राहिला: सरकारी भरती, नाहीतर सुरत, दिल्ली, मुंबईची गाडी. 2008 मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली. आठवलं की आजही शरम वाटते. 2022 च्या जानेवारीत रेल्वे भरतीच्याच परीक्षेच्या निकालावरून बिहारची मुलं रेल्वे रुळांवर उतरली. सुमारे 35 हजार जागांना देशभरातून सव्वा कोटी अर्ज आले होते. 2023 च्या जातनिहाय पाहणीत राज्यातल्या 34 टक्के कुटुंबांचं महिन्याचं उत्पन्न सहा हजारांच्या आत निघालं.

मढौऱ्यात आता रेल्वेची डिझेल इंजिनं बनतात. 2025 मध्ये तिथलं इंजिन आफ्रिकेतल्या गिनी देशासाठी रवाना झालं. आनंदाचीच गोष्ट. पण असा कारखाना थेट नोकऱ्या देतो त्या शेकड्यांत, आणि राज्याची लोकसंख्या तेरा कोटींवर गेली आहे. मला जास्त आशा वाटते ती ‘सुधा’ दुधाची. 1983 मध्ये आणंदच्या धर्तीवर उभा राहिलेला हा दूध संघ, इतकं सगळं कोसळत असताना टिकला, वाढला. गावच्या सोसायटीत दूध घालणारा तिथे सभासद असतो.

हेच मखान्यातही व्हायला हवं. देशातला बहुतेक मखाना बिहारमध्ये, मुख्यतः दरभंगा, मधुबनी, पूर्णियाच्या भागात पिकतो. तळ्यात बुड्या मारून बिया काढतात ते मल्लाह. चांगला दर मात्र दूरच्या शहरात, पाकिटावर लागतो. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मखाना बोर्डाची घोषणा झाली. भाजणं, फोडणं, प्रतवारी, पॅकिंग हे सगळं दरभंग्यातच व्हावं आणि त्यात मल्लाह कुटुंबांचे शेअर असावेत, ही मागणी पाटण्याच्या विधानसभेत कुणीतरी लावून धरायला हवी.