होडीच्या इंजिनाला कोणता रंग लावाल?

पेण आणि रोहा ही गावे ऐन समुद्रावर नाहीत, पण खारे पाणी दोघांच्याही दाराशी येते. पेणच्या बाजूला अंबा नदीची धरमतर खाडी आणि रोह्याच्या खाली कुंडलिकेची खाडी. ती पुढे रेवदंड्याला समुद्राला मिळते. या खाड्यांतल्या होड्यांची इंजिने उतरवणे, घासणे, रंगवणे हे काम आपल्यातील अनेकांच्या वाट्याला येते. कोणी गॅरेजात असतो, कोणी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा डोलवीकडे कंत्राटी रंगकामाला जातो आणि सुट्टीच्या दिवशी होडीचे काम घेतो. त्यामुळे या विषयाचा आपल्या चुलीशी संबंध आहे.

नेहमीचा अनुभव काय? मालक रंगाचा डबा आणून देतो आणि म्हणतो, "रविवारपर्यंत रंगवून दे." रंगारी तेलकट इंजिनावरून फडके फिरवतो आणि वर दोन हात मारतो. इंजिन नव्यासारखे दिसते. दिवाळीपर्यंत रंगाला फोड येतात, फोड फुटला की खाली लाल गंज. मालक म्हणतो काम खोटे, रंगारी म्हणतो डबा हलका. या वादात मजुरी अडकते आणि पुढचे कामही जाते. खरे तर बहुतेक वेळा दोष डब्याचा नसतो. रंग टिकतो तो त्याच्याखालच्या तयारीवर.

मीठ रंगाखाली राहिले तर

लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळाले की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पाणी सुकते, मीठ तिथेच राहते. त्यावर रंग मारला तर ते मीठ हवेतला ओलावा रंगातून आत ओढते आणि रंग फोडासारखा वर उचलला जातो. म्हणून महागडा रंगही खारट लोखंडावर टिकत नाही.

वेळ कोणती?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची समुद्रातील मासेमारी बंद असते. त्याच दिवसांत इंजिन उतरवून रंगवायची पद्धत आहे. पण ते दिवस ऐन पावसाचे. हवेत ओलावा इतका की थंड लोखंडाला घाम सुटतो. शक्य असेल तर रंगकाम एप्रिल-मे मध्येच उरका. पावसातच करायचे झाले तर शेडखाली, उघडीप पाहून करा. भल्या पहाटे, दव असताना ब्रश हातात घेऊ नका.

तयारीचा दिवस

कामाचा क्रम चुकवू नका. प्रथम तेल आणि डिझेल काढा. त्यासाठी साबणाचे कडक पाणी किंवा ग्रीस काढायचे द्रावण वापरा. पेट्रोलने इंजिन धुऊ नका, एका ठिणगीत माणूस भाजतो. तेलावरच तारेचा ब्रश मारला तर तेल अधिकच पसरते. नंतर गोड्या पाण्याने ब्रश लावून भरपूर धुवा. मात्र हवा ओढण्याचे तोंड, डायनॅमो आणि वायरी आधी प्लास्टिकने बांधा. इंजिन पूर्ण सुकू द्या.

त्यानंतर सुटा गंज आणि उचललेला रंग खरवडा, पॉलिश पेपरने जुन्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. शेवटी स्वच्छ फडक्याला थिनर लावून पुसा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा. उघडे लोखंड खाडीकाठी रात्रभर ठेवले तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस थर दिसतो.

कोणत्या भागाला कोणता रंग?

बिडाचा ब्लॉक, तेलाची टाकी आणि इंजिनाचा पाया: येथे सर्वांत टिकाऊ काम दोन डब्यांच्या इपॉक्सी प्रायमरचे. तो लोखंडाला घट्ट धरतो आणि खारे पाणी, तेल, डिझेल सहन करतो. उन्हात मात्र इपॉक्सी पांढुरका पडतो, म्हणून उघड्या होडीत त्यावर उन्हाला टिकणारा रंग हवा. इपॉक्सी जुन्या साध्या रंगावर मारू नका. त्याच्या थिनरने खालचा रंग सुरकुततो, म्हणून जुना थर पूर्ण काढावा लागतो.

पैसा कमी असेल तर रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इनॅमलचे दोन हात. हे काम कमी टिकेल, पण नीट तयारीवर केले तर फसवणार नाही. नुसते रेड ऑक्साइड लावून महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यातून ओलावा आत जातो.

सायलेन्सर आणि धुराची नळी: हे भाग काही शे अंशांपर्यंत तापतात. त्यावर इनॅमल किंवा इपॉक्सी करपतो. येथे सिलिकॉनचा चंदेरी उष्णतारोधक रंग घ्या. तो साधारण ६०० अंशांपर्यंतचा मिळतो. खाली दुसरा प्रायमर न लावता स्वच्छ धातूवर पातळ थर द्या. इंजिन चालवून तापल्यावरच तो पक्का होतो.

अॅल्युमिनियम: मागे लटकवायच्या इंजिनाचा पाय याच धातूचा असतो. त्याला लाल गंज येत नाही, पांढरी भुकटी येते. त्याला अॅल्युमिनियमसाठीचाच प्रायमर हवा. होडीच्या बुडाला लावायचा तांबेयुक्त रंग या पायाला कधीही लावू नका, तांबे अॅल्युमिनियमला खाते.

गंज स्वतःकडे ओढून घेणारा जस्ताचा तुकडा, रबरी नळ्या, पट्टे, अर्थिंगची जागा आणि इंजिनाच्या नंबरची पट्टी, यांवर रंग मारू नये. जस्तावर रंग बसला की त्याचे काम थांबते.

दोन डब्यांचा रंग एकदा मिसळला की काही तासांत वापरावा लागतो, उरलेला दगड होतो. म्हणून दोन-तीन होड्यांनी मिळून रंग घ्यावा आणि एकाच दिवशी काम लावावे. खर्च वाटला जातो आणि माल वाया जात नाही.

घासणाऱ्या हातांचे काय?

जुन्या इंजिनावरच्या लाल प्रायमरमध्ये शिसे असू शकते. रेड लेड म्हणजे शेंदूर, त्यात शिसे. रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड. दिसायला दोन्ही लाल. जुन्या पिवळ्या प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकते, ते कर्करोगाला कारण ठरते. घराच्या रंगांत शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहे, इंजिनाच्या रंगाला नाही.

म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा. अंगणात, मुले खेळतात तिथे हे काम आणू नका. कामाचे कपडे तिथेच बदला. घरच्या बाईला ते इतर कपड्यांबरोबर धुवायला देऊ नका. हात-तोंड धुतल्याशिवाय डबा उघडू नका. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते, आणि त्याची सुरक्षित मात्रा कोणतीही नाही असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

नाकाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग फवाऱ्याने मारायचा असेल, तर साधा कोळशाचा मास्कही पुरेसा भरवशाचा नाही. त्याच्या हार्डनरने दमा जडू शकतो. बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कची सोय नसेल तर ते काम घेऊ नका. ब्रशने मारतानाही मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि वाफेसाठीचा कोळशाच्या डब्यांचा मास्क लावून मारा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मजुरी ठरवताना धुण्या-घासण्याचा दिवस वेगळा धरा आणि मास्क, हातमोजे खर्चात लावा. मालकाला सांगा, "हा दिवस वाचवलात तर पुढच्या वर्षी दोन दिवस जातील." आणि काम झाल्यावर एवढे बजावा: बाहेरून अधूनमधून गोड्या पाण्याने पुसा, खरचटले तर लगेच तेवढ्याच जागी प्रायमर आणि रंग लावा. नखाएवढ्या जखमेतून शिरलेला गंज रंगाखाली हातभर पसरतो.