‘दूध येत नाही’ म्हणण्याआधी

बाळ घरी येते. कानात अजान दिली जाते, मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते, नातेवाइकांचे फोन सुरू होतात. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातील कोणीतरी म्हणते, “बाळ सारखे रडते आहे. हिला दूधच येत नाही वाटते.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीला हे वाक्य काट्यासारखे टोचते. त्याच संध्याकाळी पावडरच्या दुधाचा डबा घरात येतो. डब्याने पोट भरलेले बाळ अंगावर कमी ओढते, ओढणे कमी झाले की दूध कमी बनते, आणि महिना-दीड महिन्यात ते वाक्य खरे होऊन बसते.

ओळखीच्या कितीतरी घरांत आम्ही हे पाहिले आहे. म्हणून या लेखात पहिल्या दहा-पंधरा दिवसांविषयीच बोलू या. या दिवसांतील बहुतेक अडचणींच्या मुळाशी तीन गोष्टी असतात : बाळाची पकड नीट नसणे, पुरेशा वेळा न पाजणे आणि आईला विश्रांती न मिळणे. या तिन्ही गोष्टी सुधारता येतात, मात्र त्यासाठी सगळ्या घराने हात लावावा लागतो.

चीक वाया घालवू नका

सुरुवातीचे दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो एका वेळी जेमतेम चमचाभर येतो, आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटाला तेवढाच लागतो. आजारांशी लढणारे घटक त्यात भरपूर असतात. तो ‘खराब’ म्हणून पिळून टाकण्याची जुनी समजूत आता सोडायला हवी. शक्य असेल तर जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला छातीशी घ्यावे.

भरपूर दूध उतरते ते साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. पहिलटकरणीला किंवा सिझेरियन झालेल्या आईला थोडा उशीर लागू शकतो. म्हणजे दुसऱ्याच दिवशी ‘दूध नाही’ असा निकाल देणे घाईचे आहे.

तहनीकची सुन्नत अनेक घरांत पाळली जाते. ती पाळताना खजूर अगदी पुसटसा, स्वच्छ हाताने आणि डॉक्टरांना विचारून लावावा. मध मात्र वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये. त्यातून तान्ह्या बाळाला बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. घुट्टी, साखरपाणी, साधे पाणी यांचीही गरज नसते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

दुखते आहे म्हणजे पकड चुकते आहे

सुरुवातीला थोडे हुळहुळणे समजू शकते. पण प्रत्येक वेळी डोळ्यांत पाणी येईल इतके दुखत असेल, बोंडाला चिरा पडत असतील, तर बाळ फक्त बोंड चोखत आहे असे समजावे. बाळाचे तोंड जांभई दिल्यासारखे मोठे उघडले की मगच त्याला जवळ घ्यावे. बोंडाभोवतीच्या काळसर भागाचा बराचसा हिस्सा, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि बाळाचे पोट आईच्या पोटाकडे असावे. चुकले तर ओढून काढू नये. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावे. टाके दुखत असतील तर कुशीवर झोपून पाजावे, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन धरावे.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हे या वयात नेहमीचेच आहे. रात्रीचे पाजणे तर टाळूच नये, कारण दूध तयार करणारे संप्रेरक रात्री जास्त स्रवते.

दूध उतरताना स्तन दगडासारखे घट्ट झाले तर पाजण्याआधी कोमट शेक द्यावा आणि हाताने थोडे दूध काढून भाग मऊ करावा, म्हणजे बाळाला पकडता येते. पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवावी. ताप आला आणि स्तनाचा एखादा भाग लाल होऊन दुखू लागला तर डॉक्टरांकडे जावे. सहसा अशा वेळीही पाजणे बंद करावे लागत नाही.

पुरते की नाही, हे लंगोट सांगतो

रडण्यावरून दुधाचा हिशेब करू नका. बाळ थंडीने, ओल्या दुपट्याने किंवा कुशीत यायचे म्हणूनही रडते. ओले लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक-दोन वेळा शू पुरते. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा अधिक वेळा व्हायला हवी. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. जन्मानंतर वजन थोडे उतरते, पण साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येते.

मात्र बाळ सुस्त पडून पाजायलाही उठत नसेल, आठ-आठ तास शू नसेल, डोळे-अंग पिवळे दिसत असेल, ताप असेल किंवा अंग गार पडत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. तडक दवाखाना गाठा. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणे अपेक्षित असते. त्यांच्याकडून वजन करून घ्यावे आणि शंका मोकळेपणी विचाराव्यात.

बापाचाही वाटा

सूरह बकराच्या 233 व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. त्याच आयतीत पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे, कोणावर त्याच्या कुवतीबाहेर ओझे टाकू नये असे सांगितले आहे, आणि दूध तोडायचे तर ते दोघांच्या राजीखुशीने व सल्लामसलतीने, असेही म्हटले आहे. हा भाग आपण फारसा सांगत नाही.

प्रत्यक्षात याचा अर्थ साधा आहे. रात्री बाळाला उचलून आईजवळ देणे, लंगोट बदलणे, ढेकर काढणे ही कामे बाप करू शकतो. सासूबाईंनी किंवा अम्मींनी हरीरा, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर द्यावेत. पण त्याबरोबर पोटभर जेवण, पाणी आणि दुपारची दोन तास झोपही द्यावी. सातव्या दिवशी अकीक्याचे पाहुणे येणार असतील तर पाजायला एक आडोशाची खोली मोकळी ठेवावी. पाहुण्यांसमोर अवघडून आई दोन-दोन पाळ्या चुकवते आणि संध्याकाळी स्तन ठणकू लागतात. रमजान आला तर, स्वतःला किंवा बाळाला त्रास होण्याची भीती असलेल्या आईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत शरीयतने दिलेली आहे. ती घेणाऱ्या सुनेला कोणी टोमणा मारू नये.

वरचे दूध लागलेच तर

काही मातांना खरोखरच दूध कमी येते. थायरॉइडचा विकार, बाळंतपणात झालेला जास्त रक्तस्राव, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया अशी कारणे असू शकतात. अशा वेळी आधी आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने द्यावे. तेही पुरत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितले तर पावडरचे दूध द्यावे. त्यात गुन्हा नाही आणि आई कुठे कमी पडली असेही नाही. पाणी उकळलेले, भांडी स्वच्छ आणि माप डब्यावर दिल्याप्रमाणे असावे. काटकसर म्हणून पातळ केलेले दूध बाळाला उपाशी ठेवते. बाटलीऐवजी वाटी-चमचा बरा. अंगावर लावणेही चालू ठेवावे.

कधी एखादी मावशी किंवा काकू पुढे होऊन बाळाला पाजायला तयार होते. हजरत हलीमा (रजि.) यांच्यामुळे ही रीत आपल्याला परकी नाही. पण दुधातून काही आजार पसरू शकतात, म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिवाय यातून दूधनाते जुळते आणि पुढे निकाहच्या वेळी त्याचा प्रश्न येतो, म्हणून ते दोन्ही घरांनी लिहून ठेवावे. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्ध पेढी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी अशा पेढीचे दूध सुचवले गेले तर, दूधनात्याविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत हे लक्षात घेऊन डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांशी वेळ न दवडता बोलावे.

बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्या आमच्या भगिनींना एकच विनंती. “दूध पुरते का गं?” हे तिला दिवसातून दहा जणींनी विचारलेले असते. तुम्ही बाळाला थोडा वेळ मांडीवर घ्या आणि ती जेवली का, झोपली का, ते विचारा.