खार्तुमची इर्जिक

सुदानमधलं अल-फाशर शहर पडल्याच्या बातम्या ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण वाचल्या. त्याच सुमारास शांततेच्या नोबेलसाठी सुदानच्या ‘आपत्कालीन खोल्यां’चं, म्हणजे युद्धात शेजाऱ्यांना जगवणाऱ्या वस्तीपातळीवरच्या स्वयंसेवक गटांचं, नाव चर्चेत होतं. नोबेल हुकलं, तरी त्याच वर्षी राइट लाइव्हलिहूड आणि नॉर्वेचा राफ्टो हे दोन्ही पुरस्कार त्यांना मिळाले. बहुतेक बातम्यांत या कामाला ‘मदतकार्य’ म्हटलं होतं. मला तो शब्द अपुरा वाटतो.

सुदानी लोकांचा स्वतःचा शब्द आहे ‘नफीर’. एखाद्याचं पीक कापायचं असो की घर उभं करायचं असो, हाक गेली की आळी धावून येते आणि ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. आपल्याकडे पेरणी-नांगरणीला बैलजोड्या घेऊन शेजारी यायचे, ती इर्जिक हीच. इर्जिकीत देणारा वर आणि घेणारा खाली, असं नसतं. आज तुझं रान, उद्या माझं. खार्तुम, उम्मदुरमान आणि बहरी या तीन जुळ्या शहरांत युद्धाच्या काळात जे झालं, ते या चालीनं पाहिलं तरच कळतं.

एप्रिल २०१९ मध्ये, राजवटीविरुद्धच्या उठावात, खार्तुममधल्या लष्कराच्या मुख्यालयाबाहेर हजारो लोक ठाण मांडून बसले होते. तिथं जमिनीवर पैसे उघडे ठेवलेले असत आणि शेजारी पुठ्ठ्यावर लिहिलेलं असे: असेल तर ठेव, नसेल तर घे. त्या वर्षीच्या रमजानात रोजा सोडायला ताटं घराघरांतून येत. ३ जूनला सुरक्षा दलांनी गोळीबार करून ती जागा उधळली, शंभराहून अधिक माणसं मारली गेली. पण उठावातल्या तरुणांच्या मोहल्ल्यामोहल्ल्यातल्या प्रतिकार समित्या टिकल्या. मोर्चे काढणारी हीच पोरं पुढे बेकरीत सरकारी पीठ नीट पोचतं का, यावर लक्ष ठेवू लागली. पावाच्या भावावरूनच उठाव पेटला होता, म्हणून हे काम त्यांना क्रांतीपासून वेगळं वाटलं नाही. गल्लीत कोण कुठं राहतं, कुणाची परिस्थिती काय, हे त्यांना तोंडपाठ झालं. १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि निमलष्करी दलाच्या दोन सेनापतींचं युद्ध पेटलं, परदेशी संस्थांची बहुतेक माणसं निघून गेली आणि ही माहिती असलेली पोरं तेवढी मागं उरली. त्यांनीच ‘खोल्या’ उघडल्या. पुढे देशभर त्यांची संख्या सातशेच्या वर गेली.

या कामाचा जीव चुलीपाशी आहे. सामूहिक स्वयंपाकघराला तिथं ‘तकिया’ म्हणतात, अनेकवचनी ‘तकाया’. फकिराचा तकिया मराठीलाही माहीत आहे; सूफींच्या ठिकाणी येईल त्याला जेवण, ही रीत सुदानात जुनी आहे. मोठ्या पातेल्यात मसूर किंवा ‘फूल’, म्हणजे बाकल्याचे दाणे, शिजतात. गॅस नसला की लाकडं किंवा कोळसा. बाहेर बायकापोरं घरचं भांडं घेऊन रांगेत उभी. दोन वेळचं जेवण कधी एकवेळचं होतं, कधी डाळ पातळ होते.

पैसा येतो तो रियाध, कैरो, लंडनला असलेल्या सुदानी लोकांकडून आणि काही परदेशी मदतीतून. शहरात रोकड नाही, म्हणून ‘बँकक’ या मोबाइल ॲपवरून पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात जमा होतात आणि तो डाळीचं पोतं देतो. एवढ्या बारीक धाग्यावर हजारोंचं जेवण! फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातलं फोन-इंटरनेट तोडलं गेलं आणि धान्य डोळ्यांसमोर असूनही शेकडो चुली विझल्या. पुढच्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, तेव्हा पुन्हा तेच झालं. या वेळी हजाराहून जास्त.

मोठे दाते अशा कामाकडे नोंदणी, लेखापरीक्षण आणि ‘तटस्थते’चा दाखला मागतात. हिशेब हवाच, आणि या खोल्या तो ठेवतातही. पण ज्या पोरांची ताकदच राजकारणातून आली, त्यांना ते राजकारण पुसून या म्हणणं मला अन्याय वाटतो. तसं करूनही ही पोरं सुटत नाहीत. एका फौजेच्या ताब्यातल्या वस्तीत जेवण वाढलं, की दुसरी त्यांना फितूर ठरवते. दोन्हीकडून धरपकड झाली, माणसं मारली गेली. मार्च २०२५ मध्ये लष्करानं खार्तुम परत घेतलं, त्यानंतरही तिथं राहून चुली पेटत्या ठेवणाऱ्यांवर शत्रूला साथ दिल्याचे आरोप झाले.

आपला या देशाशी एक जुना हिशेब आहे. खडकवासल्याच्या एनडीएची मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ नावानं ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढताना भारतीय जवान पडले, त्यांच्या स्मरणार्थ सुदाननं एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यातले सत्तर हजार भारताच्या वाट्याला आले आणि ते एनडीएच्या उभारणीत वापरले गेले. तेव्हा सुदान स्वतंत्रही नव्हता. पुण्यात शिकायला आलेल्या सुदानी मुलामुलींची घरं सुदानच्या आताच्या युद्धात सापडली आहेत. सुट्टीच्या दिवशी सुदान ब्लॉकच्या घुमटाचा फोटो काढायला आपण जातो, तेव्हा सोबतच्या मुलांना हे नाव कुठून आलं ते सांगत नाही.