नोंदसूची, निवास आणि परिवीक्षा

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदसूची केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी कार्यान्वित केली, तेव्हा तीत सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या. नाव, पत्ता, छायाचित्र व बोटांचे ठसे असलेली ही सूची केवळ पोलीस व तपास यंत्रणांना पाहता येते. अमेरिकेत १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अशी माहिती जनतेस खुली झाली. अनेक राज्यांनी शाळांच्या परिसरात वास्तव्यासही मनाई केली. पत्ताच नसलेल्या माणसावर देखरेख ठेवणे मग दुष्कर ठरते. भारताने गोपनीयता राखली, हे योग्यच होय.

तथापि वाराणसीच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटणाऱ्याने राहावे कोठे, याचे उत्तर सूचीत नाही. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. म्हणजे त्याचा जुना पत्ता पुष्कळदा तिच्याच घराचा वा गल्लीचा. नवी खोली घ्यावी, तर भाडेकरूची पोलीस पडताळणी आड येते. उत्तर प्रदेशाच्या १९३८ च्या कायद्यान्वये पात्र कैद्यास पालकाच्या देखरेखीखाली मुदतीपूर्वी सोडता येते; परंतु कुटुंबाने नाकारलेल्यास पालक कोण मिळणार? तेथील जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याकडे निराधार विधवांच्या निवृत्तिवेतनापासून बालगृहांपर्यंतची कामे असतात. पीडितेच्या वस्तीपासून दूर निवारा व स्वतंत्र परिवीक्षा कर्मचारी यांसाठी राज्याच्या अर्थसंकल्पात वेगळी तरतूद हवी.