बर्बनआधी आलं

केंटकी म्यूल हे कॉकटेल बहुतेकांनी पहिल्यांदा हॉटेलात घेतलेलं असतं. ते घरी करायचं ठरलं की चौकशी सुरू होते ती बर्बन या अमेरिकी व्हिस्कीची: कोणती आणायची, कितीला मिळेल. आलं शेवटी आठवतं आणि मग डब्यातलं फिकट जिंजर एल ओतून भागवलं जातं. मला ही सुरुवातच उलटी वाटते. ६० मिली बर्बनला १२० मिली जिंजर बीअर, असं या पेयाचं प्रमाण. पेला भरतो तो आल्यानेच. चांगली जिंजर बीअर घरी करता येते, आणि ज्या घरात रोज विरजण लागतं, आंबोळीचं पीठ आंबतं, त्या घराला यात नवखं असं फारसं काही नाही.

नावात बीअर असली तरी जव किंवा हॉप्स यांचा इथे संबंध नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये आलं, साखर आणि पाणी आंबवून हे पेय करू लागले. त्यासाठी लागणारं पांढरट, दाणेदार विरजण घराघरांत जपलं जाई, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिलं जाई. त्याला तिकडे चक्क ‘जिंजर बीअरचं रोप’ म्हणत. हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा कसून अभ्यास केला आणि १८९२ मध्ये निष्कर्ष छापले: हे रोप नव्हेच, एक यीस्ट आणि एक जिवाणू एकमेकांच्या आधाराने तिथे नांदतात. आज बाजारात मिळणारं जिंजर एल म्हणजे बहुतेक वेळा आल्याच्या स्वादाचा गोड सोडा. आंबवल्यावर येणारी किंचित आंबूस खोली त्यात नसते.

आपल्याला ते इंग्लंडचं विरजण लागत नाही. आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट असतंच. काचेच्या बरणीत दीड कप उकळून गार केलेलं पाणी घ्या. त्यात सालासकट किसलेलं आलं एक चमचा आणि साखर एक चमचा घाला, वर फडकं बांधा. रोज तेवढंच आलं, तेवढीच साखर घालून ढवळत राहा. चार-पाच दिवसांत फेस येतो, कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. झालं विरजण. बुरशी धरली किंवा कुबट वास आला, तर मात्र सगळं टाकून नव्याने सुरुवात करायची.

आता मुख्य काम. शंभर ग्रॅम आलं किसून फडक्यातून रस पिळा. हा रस उकळायचा नाही, यावर मी अडून बसते. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या द्रव्यातून येतो. आलं शिजवलं की त्यातल्या काहीचं झिंजेरोन होतं, आणि ते बरंच मवाळ असतं. उलट आलं वाळवलं की शोगाओल तयार होतं, ते जिंजेरॉलहून जहाल; सुंठीचा झणका येतो तो त्यातून. साताऱ्याकडचं रसरशीत आलं मिळालं तर काय हवं! रस वाटीत पंधरा मिनिटं ठेवला की पांढरं सत्त्व तळाशी बसतं. वरचा रस निथळून घ्या. लिटरभर पाण्यात १२० ग्रॅम साखर विरघळवून ते पूर्ण गार होऊ द्या. मग आल्याचा रस, दोन कागदी लिंबांचा रस आणि अर्धा कप गाळलेलं विरजण घाला.

भरायचं ते कोल्ड्रिंकच्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत, वर चार बोटं जागा सोडून. एका एप्रिलमध्ये मी काचेची बाटली वापरली आणि दोन दिवस विसरले. रात्री ती फुटली, काचा ओट्यापासून दारापर्यंत. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. प्लास्टिकची बाटली बोटांनी दाबून बघता येते: ती दगडासारखी लागली की फ्रिजमध्ये. मे महिन्यात एक दिवसही पुरतो, डिसेंबरात तीन लागतात. उघडण्याआधी रात्रभर गार करा, म्हणजे वायू पाण्यात मुरतो आणि झाकण काढताच निम्मं पेय उसळून जात नाही.

बर्बनचं काम यानंतरचं. अमेरिकेच्या कायद्यानुसार तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असतो, ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते आणि तिच्यात बाहेरचा रंग किंवा स्वाद घालता येत नाही. १९६४ मध्ये तिथल्या काँग्रेसने तिला अमेरिकेचं वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन ठरवलं. ती केंटकी राज्यातच व्हावी असं बंधन नाही, पण बहुतेक तिथेच होते. लाकूड जळताना त्यातल्या साखरेचा कॅरमेल होतो, व्हॅनिलासारखा वास मोकळा होतो. आल्यापुढे हा गोडवा जसा उभा राहतो, तसंच आलेपाकात साखर आणि आलं एकमेकांना धरून असतात. मक्यासोबत राय हे धान्य जास्त असलेली बर्बन निवडा, तिचा मिरमिरीतपणा आल्याला साथ देतो; गव्हाची मऊ बर्बन इथे हरवते. बर्बनवरचं आयात शुल्क फेब्रुवारी २०२५ मध्ये १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, तरी ती अजून महागच आहे. म्हणून फार जुनी, भारी बाटली लिंबात घालू नये असं माझं मत.

म्यूल म्हणजे खेचर, आणि आल्याची लाथ बसते म्हणून ते नाव. मूळचं मॉस्को म्यूल व्होडकाचं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरच्या ‘कॉक अँड बुल’ या ठिकाणी, खपत नसलेली व्होडका आणि खपत नसलेली जिंजर बीअर एकत्र आली, असं सांगितलं जातं. तांब्याचा मग तेव्हापासूनचा. केंटकी म्यूल ही त्याचीच बर्बन घातलेली बहीण.

या मगाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. माझी आजी बिनकल्हईच्या भांड्यात ताक राहू देत नसे, कळकेल म्हणायची. तोच नियम इथे लागतो. लिंबाच्या आंबटपणाने तांबं पेयात उतरतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मद्य विभागाने याच कारणासाठी नुसत्या तांब्याच्या मगाविरुद्ध सूचना काढली होती. आतून स्टील किंवा कल्हई असलेला मग घ्या, नाहीतर सरळ काचेचा पेला.

पेल्यात मोठे बर्फाचे खडे भरा. चुरा लवकर वितळतो आणि पेय पाणचट होतं. १५ मिली ताजा लिंबाचा रस, ६० मिली बर्बन. मग जिंजर बीअर पेल्याच्या कडेने हळूच सोडा आणि लांब चमचा तळापासून एकदाच वर आणा. जास्त ढवळलं की बुडबुडे जातात. पुदिन्याची काडी तळहातावर आपटून वर खोचा. बाटलीतल्या तळाच्या गाळाला हात लावू नका.

महाराष्ट्रात बर्बनसारखं कडक मद्य २५ वर्षं पूर्ण झालेल्यांसाठीच आहे, आणि त्यासाठी परवाना लागतो. आणखी एक, घरच्या जिंजर बीअरमध्येही आंबताना किंचित अल्कोहोल येतंच. ते अजिबात न घेणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी आल्याचा तोच रस, साखरेचा पाक, लिंबू आणि सोडा असा वेगळा जग ठेवा. बरणीत उरलेलं विरजण फ्रिजमध्ये राहतं. आठवड्यातून एकदा चमचाभर आलं आणि साखर घालायची. पिळलेला चोथा सावलीत वाळवला की चहाला होतो.