मेंदी रंगते कशी?

मेंदी जितकी गडद रंगेल तितकं नवऱ्याचं प्रेम जास्त, असं नववधूला चिडवतात. खरं श्रेय तिच्या तळहाताच्या जाड कातडीला आहे. मेंदीच्या पानात लॉसोन हे रंगद्रव्य साखरेला बांधलेल्या रूपात दडलेलं असतं. पान वाटून, भिजवून, थोडं लिंबू पिळलं की ते मोकळं होतं आणि त्वचेतल्या केराटिन या प्रथिनाला कायमचं चिकटतं. तळहात-तळपायांवर केराटिनचा थर सर्वांत जाड, म्हणून रंग तिथेच खुलतो. मनगटाच्या वर फिका पडतो. लेप काढल्यावर दिसणारा केशरी रंग हवेतल्या प्राणवायूमुळे एकदोन दिवसांत तपकिरी होतो. पुढे मृत पेशी झडतात, तशी नक्षीही जाते.

केस आणि नखंही केराटिनचीच. प्राचीन इजिप्तमध्ये केसांना मेंदी लावत. मुस्लिम समाजांत दाढी रंगवण्याची रीत जुनी आहे आणि इराणात घोड्यांच्या शेपट्याही रंगवत. मोरोक्कोतल्या आणि येमेनी ज्यू कुटुंबांत लग्नाआधी मेंदीचा खास समारंभ होतो. उष्ण प्रदेशांत तळपायांना ती गारव्यासाठी लावतात. आपल्याकडे मात्र तिचं कुंपणही करतात!

राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला भौगोलिक मानांकन आहे. जत्रेतल्या ‘काळ्या मेंदी’पासून मात्र लांबच राहावं. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन मिसळलेलं असतं. त्याने फोड येतात, कधी व्रणही राहतात. शुद्ध मेंदी कधीच काळीकुट्ट रंगत नाही.