धंदा आहे, पण पेन्शन नाही : 2000 रुपयांची एसआयपी कोणत्या फंडात टाकायची?



राजगुरुनगरहून रोज सकाळी चाकणकडे जाणारी दोन प्रकारची माणसं असतात. एक कंपनीत परमनंट. त्याच्या पगारातून पीएफ कापला जातो आणि कंपनीही आपला वाटा घालते. दुसरे तुम्ही. फॅब्रिकेशनचं शेड, टेम्पो, नाहीतर कॅन्टीनला डबे. तुमच्यासाठी कुणी काही कापत नाही आणि कुणी घालतही नाही. "धंदा हीच माझी पेन्शन" असं आपण म्हणतो खरं, पण जुन्या लेथ मशीनला किती भाव येतो ते एकदा भंगारवाल्याला विचारून बघा.

म्हणून महिन्याला 2000 रुपये बाजूला काढायचे ठरवलं, तर ते कुठे टाकायचे?

आधी एक सांगतो. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बँकेत नसेल, तर फंडाचा विचार आत्ता करू नका. पार्टीचं पेमेंट लांबलं की तुम्ही पहिल्यांदा फंडच मोडणार. छोट्या उद्योगांना 45 दिवसांत पैसे द्यावेत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

वय चाळिशीच्या आसपास असेल आणि 20 वर्षं हातात असतील, तर माझं मत साधं आहे : निफ्टी 50 चा इंडेक्स फंड, डायरेक्ट प्लॅन, ग्रोथ पर्याय. यात मॅनेजर शेअर निवडत बसत नाही. निफ्टीत ज्या 50 कंपन्या आहेत त्याच, त्याच प्रमाणात घेतल्या जातात. त्यामुळे खर्च कमी. डायरेक्ट प्लॅन 1 जानेवारी 2013 पासून मिळतात आणि त्यात एजंटचं कमिशन नसतं.

खर्चाचा 1 टक्का किरकोळ वाटतो ना? हिशोब करू. 2000 रुपये, 20 वर्षं, म्हणजे तुमचे 4 लाख 80 हजार. वर्षाला 12 टक्के धरले तर साधारण 20 लाख होतात. 11 टक्के धरले तर साडेसतरा लाख. अडीच लाखांचा फरक, म्हणजे तुमच्या मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त! हे दर फक्त गणितासाठी धरलेत, हमी कुणीच देत नाही. आणि महागाई 6 टक्के धरली, तर त्या 20 लाखांची किंमत आजच्या सव्वासहा लाखांएवढीच. म्हणून कमाई वाढेल तसा हप्ताही वाढवायचा, बरं का.

दोन इंडेक्स फंडांत निवड करताना एक्स्पेन्स रेशो कुणाचा कमी आणि निफ्टीपासून कोण कमी भरकटतो, एवढंच बघा. गेल्या वर्षी पहिला नंबर कुणाचा होता, ते सोडून द्या. आणि "नवीन फंड आलाय, 10 रुपयांना युनिट, स्वस्तात मिळतंय" असं कुणी म्हणालं तर हसून चहा पाजा. 10 रुपयांचं युनिट आणि 200 रुपयांचं युनिट, शेअर तेच असतील तर वाढ टक्क्यात सारखीच.

आता भीतीची गोष्ट. 2008 मध्ये निफ्टी एका वर्षात निम्म्याहून जास्त पडला. 2020 च्या जानेवारीतल्या उंचीवरून मार्चपर्यंत 38 टक्के खाली आला. नेमकी त्याच वेळी ऑर्डरही थांबते, आणि हात फंडाकडे जातो. तुमचा धंदा आणि बाजार एकदमच आजारी पडतात, नोकरदारापेक्षा आपली अडचण ही वेगळी. त्यामुळे सगळे 2000 फंडात नकोत. मी 1200 फंडात आणि 800 पीपीएफमध्ये टाका म्हणेन. पीपीएफ 15 वर्षांचं, पोस्टातही निघतं, आणि देणेकऱ्याने कोर्टातून हुकूम आणला तरी त्यातली रक्कम जप्त होत नाही. प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं कर्ज घरापर्यंत येतं, तेव्हा याची किंमत कळते.

एसआयपी करंट अकाउंटवरून लावू नका, स्वतःच्या बचत खात्यावरून लावा, आणि तारीख पेमेंट येण्याच्या दिवसांनंतरची ठेवा. हप्ता परत गेला तर बँक दंड लावते. लागोपाठ तीन महिने चुकला की एसआयपी बंद होते. त्यापेक्षा हप्ता लहान ठेवून मोठं बिल निघालं की वरचे 5 हजार एकदम टाकलेले परवडतात.

पन्नाशी-पंचावन्न ओलांडली की दरवर्षी थोडे थोडे पैसे फंडातून काढून एफडीकडे वळवायला लागा. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर सध्या कर नाही, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. थोडं थोडं काढलं तर तोही वाचतो. आणि फॉर्म भरतानाच नॉमिनी लिहा, घरी बायकोला फोलिओ नंबर दाखवून ठेवा.